कंपनीने कापलेला टीडीएस सरकारजमा झालाच नाही आणि मागणी मात्र माझ्या नावावर: प्राप्तिकर विभाग अशा वेळी कसे काम करतो?

प्रश्न (धागाकर्ता: पवनाकाठ)

नमस्कार. मी पुण्याजवळच्या एका लहान खासगी कंपनीत नोकरीला होतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये माझ्या पगारातून दरमहा ६,२०० रुपये टीडीएस म्हणून कापले गेले. बाराही महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्यांवर हा आकडा भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर यांच्या खालच्या ओळीत स्पष्ट छापलेला आहे, आणि बँकेत जमा झालेला पगार तेवढी रक्कम वजा होऊनच आलेला आहे. वर्षभरात ७४,४०० रुपये कापले गेले. पुढे कंपनीची आर्थिक घडी विस्कटली, बरेच जण सोडून गेले, मीही गेलो. फॉर्म १६ (कापलेल्या कराचा कंपनीने द्यायचा दाखला) वारंवार मागूनही मिळाला नाही.

जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरताना फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा विभागाकडील उतारा) पाहिला, तेव्हा त्यात एप्रिल ते सप्टेंबर या दोन तिमाहींचेच ३७,२०० रुपये दिसत होते. ऑक्टोबरपासून पुढच्या सहा महिन्यांच्या नोंदीच नव्हत्या. पैसे माझ्या पगारातून गेलेले असल्यामुळे मी पूर्ण ७४,४०० रुपयांची वजावट, म्हणजे तेवढी रक्कम माझ्या देय करातून वजा करण्याची मागणी, केली. त्यानंतर कलम १४३(१) खालील सूचनापत्र आले. त्यात निम्मीच वजावट मान्य केलेली असून उरलेल्या ३७,२०० रुपयांची व्याजासह मागणी केलेली आहे. आता पुढील वर्षाच्या विवरणपत्रात मला थोडा परतावा निघतो आहे आणि तो या जुन्या मागणीत वळता करून घेण्याचा प्रस्तावही ई-मेलने आला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. एकदा पगारातून गेलेला कर कायद्याने माझ्याकडून दुसऱ्यांदा मागता येतो का? आणि मागणी काढणारे केंद्र, माझे स्थानिक कार्यालय आणि टीडीएस पाहणारे कार्यालय यांपैकी नेमके कोणाकडे दाद मागायची? 'थोडी रक्कम आहे, भरून मोकळा हो' हा सल्ला घरातून मिळालेला आहेच, त्यामुळे तो वगळून उत्तरे मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १ (करसल्लागार_कोल्हापूर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याला कायद्याचा थेट आधार आहे. प्राप्तिकर कायदा १९६१ मधील कलम २०५ असे सांगते की ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्या उत्पन्नावर कापल्या गेलेल्या रकमेपुरता कर भरण्यास करदात्याला स्वतः सांगता येणार नाही. यात 'कापला आणि भरला' असे शब्द नाहीत, फक्त कापला जाणे पुरेसे आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असला तरी आपले वर्ष जुन्या कायद्याखालीच राहील, तेव्हा त्याची चिंता नको.

यामागचे तत्त्व समजून घेतले तर पुढचा पत्रव्यवहार सोपा होतो. पगारदारांचा कर प्राप्तिकर विभाग दारोदार जाऊन गोळा करीत नाही. कलम १९२ ने ते काम पगार देणाऱ्यावर सोपवलेले आहे. म्हणजे कर कापताना आपली कंपनी आपली मालक म्हणून वागत नसते, ती सरकारच्या वतीने वसुली करीत असते. एसटीच्या वाहकाने प्रवाशाकडून पैसे घेऊन तिकीट दिले आणि संध्याकाळी आगारात रोकड भरलीच नाही, तर महामंडळाने वाहकाला पकडायचे असते. तिकीट हातात असलेल्या प्रवाशाला पुढच्या थांब्यावर उतरवून पुन्हा भाडे मागता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशाच एका पगारदाराच्या प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला आहे. मालकाने कापलेला कर भरला नसेल तर विभागाने तो मालकाकडून वसूल करावा, कर्मचाऱ्याविरुद्ध कलम २०५ चा अडसर कायम राहतो, असे न्यायालयाने म्हटले. किंगफिशर एअरलाइन्स बुडाल्यावर तिच्या अनेक कर्मचाऱ्यांवर हीच वेळ आली होती आणि त्यांच्यातील एका वैमानिकाच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये करदात्याच्या बाजूने निर्णय दिला. शिवाय केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे की अशा प्रकरणांत करदात्यावर वसुलीची सक्ती करू नये, आणि ११ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने तेच पुन्हा सांगितले आहे. त्याच सूचना पुन्हा देण्यासाठी मंडळाला हे ज्ञापन काढावे लागले, यावरूनच खालच्या पातळीवर काय चालले होते याचा अंदाज यावा.

तातडीने करायची गोष्ट म्हणजे पोर्टलवर 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' येथे जाऊन मागणी अमान्य असल्याचे नोंदवणे. ही नोंद केली नाही तर आपण मागणी मान्य केली असे गृहीत धरले जाण्याचा धोका राहतो. कारण लिहिण्याच्या जागेत कलम २०५ आणि मंडळाचे १ जून २०१५ चे पत्र या दोहोंचा उल्लेख करावा, वेतनचिठ्ठ्या आणि बँकेचे खाते-उतारे जोडावेत.

प्रतिसाद २ (रोखठोक)

वरील प्रतिसादातील कायदा बरोबर आहे, परंतु चित्र अर्धेच आहे. कलम २०५ वसुलीला अडवते, वजावट मिळवून देत नाही. वजावटीचा विषय कलम १९९ आणि नियम ३७बीए यांचा आहे, आणि तिथे कापणाऱ्याने विभागाला दिलेली माहिती हाच आधार मानला जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपल्या खात्यावर ३७,२०० रुपये कधीच जमा दिसणार नाहीत, आणि मागणी मात्र पोर्टलवर वर्षानुवर्षे लटकत राहील. कलम २२०(२) प्रमाणे तीस दिवसांनंतर दरमहा एक टक्का व्याज त्यावर चढत राहते. ज्याला गृहकर्ज घ्यायचे आहे किंवा दरवर्षी परताव्याची वाट पाहायची आहे, त्याच्या दृष्टीने ही टांगती तलवारच आहे.

दुसरे असे की वेतनचिठ्ठी हा खासगी कागद आहे. ती कोणीही संगणकावर तयार करू शकतो, आणि कर कापलाच नसताना कापला असे दाखवणारे महाभागही या जगात आहेत. त्यामुळे विभागाने प्रत्येक वेतनचिठ्ठीवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा मला भाबडी वाटते. माझ्या मते धागाकर्त्याने हिशेब मांडावा: सल्लागाराचे शुल्क, कार्यालयाच्या खेपा आणि मनस्ताप यांची बेरीज मागणीपेक्षा मोठी होत असेल तर कर भरावा आणि कंपनीवर वसुलीचा दावा लावावा. हा सल्ला त्यांना नको आहे हे वाचले, तरीही लिहितो.

प्रतिसाद ३ (लेखाशाखा)

मी लहान कंपन्यांची लेखापुस्तके सांभाळतो, म्हणून दुसऱ्या बाजूचे लिहितो. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. हातात पैसा नसला की मालक आधी पगार देतो, मग कच्च्या मालाचे पैसे देतो, मग विजेचे बिल भरतो, आणि कापलेला टीडीएस 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून मागे टाकतो, कारण सरकार हा एकच घेणेकरी फोन करीत नाही. कलम २०१ खाली कापून न भरलेल्या करावर दरमहा दीड टक्का व्याज लागते. तिमाही विवरण उशिरा दिले की कलम २३४ई प्रमाणे रोज २०० रुपये शुल्क, आणि कलम २७६बी मध्ये तर तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. तरीही हे घडते, कारण घडते तेव्हा मालक दीड टक्क्याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

मात्र धागाकर्त्याने एक शक्यता आधी तपासावी. २६एएस मध्ये नोंद नाही याचा अर्थ पैसे भरले नाहीत असाच होत नाही. पैसे भरण्याचे चलन वेगळे असते आणि कोणाच्या नावावर किती कापले हे सांगणारे २४क्यू नावाचे तिमाही विवरण वेगळे असते. चलन भरले पण २४क्यू दाखलच केले नाही, किंवा दाखल करताना पॅनचे एक अक्षर चुकले, किंवा चलनाचा क्रमांक जुळला नाही, तर पैसे सरकारी तिजोरीत असूनही कर्मचाऱ्याच्या नावावर काहीच दिसत नाही. डबघाईला आलेल्या कंपनीत सर्वांत आधी नोकरी सोडतो तो लेखापाल, आणि त्याच्याबरोबर ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी पोर्टलचा पासवर्डही जातो. तसे असेल तर विवरण दाखल करून किंवा दुरुस्त करून प्रश्न मुळातूनच सुटतो. जुन्या विवरणांच्या दुरुस्तीला आता कायद्याने मुदत घातलेली आहे, म्हणून हे लांबणीवर टाकू नये.

कंपनीच्या संचालकांना ई-मेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने असे दोन्ही मार्गांनी लिहावे. पत्रात प्रत्येक महिन्याची रक्कम, आपला पॅन आणि कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याला मिळालेला क्रमांक) लिहून चलनांचे तपशील मागावेत. उत्तर येईल न येईल, पण ती पोचपावती पुढे उपयोगी पडते.

प्रतिसाद ४ (निवृत्त_निर्धारण_अधिकारी)

मी याच खात्यातून निवृत्त झालो आहे. दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लोक 'इन्कम टॅक्स' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एकच कार्यालय असते. प्रत्यक्षात ही अनेक मजल्यांची यंत्रणा आहे आणि तिच्या एका मजल्याला दुसऱ्याचे ठाऊक असतेच असे नाही. सर्वांत वर अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. त्याच्या अखत्यारीत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, जे १९६३ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९६४ पासून स्वतंत्रपणे काम करू लागले. त्यापूर्वी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांना मिळून एकच मंडळ होते. मंडळ धोरण ठरवते, परिपत्रके काढते, आणि कलम ११९ प्रमाणे त्याचे आदेश खालच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतात. त्याखाली प्रधान मुख्य आयुक्तांपासून वॉर्डातील प्राप्तिकर अधिकाऱ्यापर्यंतची उतरंड. थेट भरती होणारे भारतीय महसूल सेवेचे अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत घडतात, हे विदर्भाबाहेरच्या फार थोड्यांना माहीत असते.

तुम्हाला आलेले सूचनापत्र या उतरंडीतील कोणा अधिकाऱ्याने विचार करून लिहिलेले नाही. ते बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातून आले. २००९ च्या सुमारास हे केंद्र उभे राहिले, कारण कोट्यवधी विवरणपत्रे वॉर्डा-वॉर्डांतून हाताने तपासण्याची जुनी पद्धत पार कोलमडली होती. परतावा मिळायला दोन-दोन वर्षे लागत आणि त्यासाठी कोणाला काय करावे लागे हे जुन्या लोकांना विचारा. केंद्रामुळे सरळ प्रकरणांतील परतावे आता काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही होतात, ही मोठीच सुधारणा आहे. पण तेथील संगणक दोन आकडे शेजारी ठेवतो: तुम्ही मागितलेली वजावट आणि २६एएस मधील नोंद. फरक निघाला की मागणी. कलम २०५ लागू होते की नाही हे ठरवण्यासाठी कागद वाचावे लागतात, आणि कागद वाचण्याचे काम त्या टप्प्यावर कोणी करीत नाही. म्हणून त्या केंद्राकडे दुरुस्तीचा अर्ज पुन्हा-पुन्हा पाठवून उपयोग नाही, तेच उत्तर तितक्याच वेळा येईल.

तुमची दाद ज्याच्याकडे मागायची तो तुमच्या पॅनवर अधिकारक्षेत्र असलेला निर्धारण अधिकारी, म्हणजे तुमच्या स्थानिक कार्यालयातील अधिकारी. पोर्टलवर 'नो युअर एओ' मध्ये वॉर्ड आणि शहर दिसते. त्याच्याकडे कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि त्याच अर्जात, दुरुस्ती शक्य नसल्यास मागणीची वसुली करू नये, अशी पर्यायी विनंतीही करावी. ही दुसरी ओळ महत्त्वाची आहे. रोखठोक यांनी म्हटल्याप्रमाणे वजावट देण्याबाबत अधिकाऱ्याचे हात नियम ३७बीए ने बांधलेले असतात आणि त्याच्या संगणक प्रणालीतही २६एएस बाहेरची रक्कम सहज बसत नाही. परंतु वसुली थांबवण्याबाबत मंडळाचे पत्र त्याच्यावर बंधनकारक आहे. तो एक करू शकत नसेल तर दुसरे केलेच पाहिजे. दुरुस्तीच्या अर्जावर, तो मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत आदेश देण्याचे कायदेशीर बंधन आहे. ती मुदत उलटली तर ई-निवारण किंवा केंद्र सरकारच्या तक्रार प्रणालीवर, अर्जाच्या पोचपावतीसह, तक्रार नोंदवता येते.

आता टीडीएस कार्यालयाविषयी. कर कापणाऱ्यांवर देखरेख ठेवणारी शाखा स्वतंत्र आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे तिचे स्वतंत्र आयुक्त आहेत. कंपनीच्या टॅनवर अधिकारक्षेत्र असलेल्या टीडीएस अधिकाऱ्याला एक पत्र पाठवा आणि त्याची प्रत आपल्या निर्धारण अधिकाऱ्याला द्या. तुमचा अधिकारी त्या शाखेला स्वतःहून लिहील या भरवशावर राहू नका. दोघांची कार्यालये एकाच इमारतीत असली तरीही. टीडीएस अधिकारी कंपनीला कलम २०१ खाली कसूरदार ठरवू शकतो, आणि तसा आदेश निघाला तर कर कापला होता याचा सरकारी पुरावाच तुमच्या हातात येतो.

वेतनचिठ्ठीवर कोणी विश्वास का ठेवावा, हा रोखठोक यांचा प्रश्न योग्य आहे. मी कधीच केवळ वेतनचिठ्ठी पाहत नसे. एकूण पगार, कपाती आणि बँकेत आलेली रक्कम यांचा महिन्यागणिक मेळ बसतो का ते पाहत असे. धागाकर्त्याने असा तक्ता स्वतः तयार करून द्यावा: डावीकडे वेतनचिठ्ठीतील एकूण पगार, मधे प्रत्येक कपात, उजवीकडे बँकेतील जमा आणि तिची तारीख. ज्या सहा महिन्यांचा कर भरला गेला, तेही त्यात असू द्यावेत. पहिल्या सहा महिन्यांत ६,२०० कापून तेवढेच २६एएस मध्ये आलेले आहेत आणि पुढच्या सहा महिन्यांत बँकेत येणारा पगार तसूभरही वाढलेला नाही, हे एका नजरेत दिसले की चिठ्ठ्या बनावट असल्याची शंका फारशी उरत नाही. विवरणपत्रात उत्पन्न मात्र कपातीपूर्वीचे पूर्णच दाखवलेले असले पाहिजे. कापलेला करही तुमचे उत्पन्नच मानला जातो. काही लोक रागाच्या भरात तेवढे उत्पन्न कमी दाखवतात आणि कलम २०५ चा स्वतःचाच आधार घालवून बसतात.

धागाकर्ता (पवनाकाठ)

विवरणपत्रात पगार पूर्ण दाखवलेला आहे, आणि तक्ता या आठवड्यातच तयार करतो. कंपनीच्या एका माजी संचालकांनी उत्तर दिले आहे की तिसऱ्या तिमाहीचे चलन बहुधा भरले होते, विवरण राहिले. चौथ्या तिमाहीबाबत ते काही बोलत नाहीत. आता तातडीचा प्रश्न परताव्याचा आहे. तो वळता होऊ द्यावा का? रक्कम मागणीच्या निम्मीही नाही.

प्रतिसाद ५ (करसल्लागार_कोल्हापूर)

होऊ देऊ नये. परतावा जुन्या मागणीत वळवण्यापूर्वी कलम २४५ प्रमाणे आपल्याला कळवणे आवश्यक असते आणि त्या सूचनेला उत्तर देण्यासाठी २१ दिवस मिळतात. ई-मेलची तारीख पाहून त्या आत पोर्टलवर असहमती नोंदवावी. गप्प राहिल्यास रक्कम आपोआप वळती होते आणि मग ती सोडवून घेणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. जी रक्कम थेट मागता येत नाही ती परताव्यातून कापून घेणे ही आडवाटेने केलेली वसुलीच होय, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात म्हटलेले आहे. त्या निकालाचा उल्लेख असहमतीच्या कारणात करावा. बंधनकारक म्हणून आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहेच, दिल्लीचा त्याला पूरक ठरेल.

तिसऱ्या तिमाहीबाबत मिळालेली माहिती मोलाची आहे. संचालकांकडून चलनाचा क्रमांक, भरण्याची तारीख आणि बँकेच्या शाखेचा बीएसआर कोड (शाखेचा ओळख क्रमांक) लेखी मागून घ्यावा आणि टीडीएस अधिकाऱ्याच्या पत्रात तो द्यावा. विवरण दाखल झाले की १८,६०० रुपये २६एएस मध्ये दिसू लागतील आणि मग तेवढ्यापुरता कलम १५४ चा अर्ज प्रक्रिया केंद्राकडेही चालेल, कारण संगणकाला हवा असलेला आकडा त्याला मिळालेला असेल. चौथ्या तिमाहीचे १८,६०० रुपये मात्र निर्धारण अधिकाऱ्याकडेच लढवावे लागतील. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबू नयेत. एकीचा निर्णय दुसरीसाठी अडकून राहतो.